'पुअर' दिसला की लगेच 'गरीब' लिहू नका

मी अनुवाद तपासते, आणि 'पुअर'पाशी हात अडखळलेला वारंवार दिसतो. 'पुअर आयसाइट'चं 'गरीब दृष्टी' झालेलं मी स्वतः खोडलंय. तिथे 'अधू दृष्टी' हवं.

आधी पुढचं नाम बघा. माणूस किंवा देश असेल तर बहुधा पैशांची गरिबी. तब्येत, दर्जा, पीक असं काही असेल तर खालावलेली, निकृष्ट, बेताचं. 'पुअर ॲट मॅथ्स' म्हणजे गणितात कच्चा.

खरी गफलत होते ती 'पुअर मॅन'मध्ये. हा गरीब माणूस की बिचारा? दोन्ही शक्य आहे. पण 'द मॅन इज पुअर' म्हटलं की कीव जाते, उरते फक्त गरिबी. कीव दाखवणारा 'पुअर' नामाच्या आधीच येतो. 'पुअर थिंग' म्हणजे तर सरळ 'बिचारी!'. म्हणून मागची-पुढची दोन वाक्यं वाचल्याशिवाय मी शब्द ठरवत नाही.

'द पुअर' म्हणजे सगळे गरीब लोक. हे अनेकवचन आहे, त्यामुळे क्रियापद 'आर'. 'पुअर्स' असं लिहू नका. एकट्या माणसाबद्दल बोलायचं तर 'अ पुअर' चालत नाही, 'अ पुअर पर्सन' लागतं. नाम हवं असेल तर 'पॉव्हर्टी'. 'पॉव्हर्टी ऑफ आयडियाज'ला मात्र मी 'कल्पनांचं दारिद्र्य' लिहिते. 'दारिद्र्य' आपल्याकडेही पैशापलीकडे जातं, हे मला फार आवडतं.

आणि 'पुअरली'? क्रियाविशेषण म्हणून 'वाईट रीतीने'. ब्रिटिश बोलण्यात 'शी इज पुअरली' म्हणजे ती आजारी आहे.