बाजारात न आलेले टॅबलेट एकमेकांशी कसे ताडून पाहावेत

नवा टॅबलेट यायच्या महिना-दोन महिने आधीपासून त्याच्याविषयी माहितीचा पूर येतो. काही माहिती कंपनीने स्वतः दिलेली असते, तीही तिच्या सोयीच्या एककात. काही फुटलेली असते आणि ती मुळात कुठून आली याचा पत्ता नसतो. दोन्ही एकाच तक्त्यात भरली की तुलना तिथेच बिघडते. म्हणून आधी प्रत्येक टॅबसाठी तीन रकाने आखा: कंपनीने जाहीर केलेले, प्रमाणपत्रांच्या नोंदींत दिसलेले आणि नुसती चर्चा. निर्णय पहिल्या दोन रकान्यांवरच घ्यायचा. तिसऱ्या रकान्यातली गोष्ट खरी ठरली तर आनंद आहे, पण तिच्या भरवशावर कोणता टॅब मागे पडता कामा नये.

दुसरा रकाना भरायला थोडे खोदावे लागते, पण तो फार कामाचा आहे. भारतात विकायच्या टॅबला बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी सक्तीची आहे. त्यामुळे एखादा मॉडेल क्रमांक तिथे दिसला की तो इथे यायची तयारी चालू आहे एवढे नक्की. तारीख मात्र त्यातून कळत नाही. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाच्या नोंदींत वाय-फाय व मोबाइल नेटवर्कचे बँड (वापरल्या जाणाऱ्या लहरींचे पट्टे) असतात, आणि बऱ्याचदा बॅटरीचा किंवा चार्जरचा मॉडेल क्रमांकही सापडतो. गीकबेंच या वेग मोजणाऱ्या ॲपच्या यादीत चिप आणि रॅमचा अंदाज येतो, पण ती प्रमाणपत्राची नोंद नव्हे; तिथले गुण तुलनेत धरू नका. चाचणी अपुऱ्या सॉफ्टवेअरवर झालेली असू शकते, आणि मॉडेलचे नाव बनावटही टाकता येते.

मॉडेल क्रमांक वाचायची सवय लावून घ्या. सॅमसंगच्या टॅब एस९ एफईमध्ये एसएम-एक्स५१० हा वाय-फायवाला आणि एसएम-एक्स५१६ हा ५जीवाला. टॅब ए९ प्लसमध्ये एक्स२१० आणि एक्स२१६. शेवटी शून्य म्हणजे वाय-फाय, सहा म्हणजे ५जी. भारतीय नोंदीत फक्त शून्यवाला क्रमांक दिसत असेल आणि तुम्हाला सिमकार्ड हवे असेल, तर थांबलेले बरे.

स्क्रीन: इंचांवर जाऊ नका

सर्वात जास्त फसगत इथे होते. इंच हे कर्णाचे माप आहे. स्क्रीन किती रुंद हे तिच्या लांब आणि आखूड बाजूंचे गुणोत्तर ठरवते. १६:१०चा ११ इंची टॅब उभा धरला तर त्याची रुंदी १४.८ सेंटिमीटर भरते. ४:३चा ११ इंची उभा धरला तर १६.८. शाओमी पॅड ७सारखा ३:२चा ११.२ इंची १५.८, आणि वनप्लस पॅड २सारखा ७:५चा १२.१ इंची जवळजवळ १८.

आता याचा अर्थ काय ते पाहा. ए४ कागद २१ सेंटिमीटर रुंद असतो. १४.८ सेंटिमीटरच्या स्क्रीनवर त्याचे पान ७० टक्क्यांवर येते, म्हणजे १२ पॉइंटचे अक्षर सुमारे साडेआठ पॉइंटचे दिसते. ४:३वर पान रुंदीभर उघडले तर तेच अक्षर साडेनऊच्या आसपास राहते. स्पर्धा परीक्षांच्या पीडीएफ किंवा शासन निर्णय वाचायचे असतील तर हा फरक डोळ्यांना रोज जाणवेल. उलट आडव्या स्क्रीनवर १६:९चा व्हिडिओ १६:१०च्या ११ इंचीवर २३.७ सेंटिमीटर रुंद दिसतो, ४:३च्या ११ इंचीवर २२.४. सिनेमा आणि क्रिकेटसाठी लांबट स्क्रीन चांगली, वाचनासाठी चौकोनाकडे झुकणारी.

हिशेब स्वतः करायचा तर गुणोत्तरातल्या दोन्ही आकड्यांचे वर्ग करून बेरीज करा आणि त्या बेरजेचे वर्गमूळ काढा. कर्णाला त्याने भागा आणि उत्तराला लहान आकड्याने गुणा. आलेली लहान बाजू इंचांत असते; २.५४ने गुणले की सेंटिमीटर मिळतात.

रिझोल्यूशनही असेच पारखावे. १९२० बाय १२०० हे ११ इंचांवर २०६ पीपीआय, म्हणजे दर इंचाला २०६ ठिपके, पडते. २८८० बाय १८०० असेल तर ३०९. इंग्रजी मजकूर पहिल्यावरही ठीक दिसतो. मराठीत 'राष्ट्र', 'बुद्धी', 'कर्तृत्व' असे शब्द लहान आकारात आले की रेफ आणि पायमोडी अक्षरे एकमेकांत मिसळतात. मुख्य काम वाचनाचे असेल तर २५०च्या खाली जाऊ नये, असे आमचे मत.

उजेडाच्या आकड्यात 'पीक' हा शब्द आला की सावध व्हा. एम४ चिपच्या आयपॅड प्रोची १,६०० निट्स (उजेडाचे एकक) ही फक्त एचडीआर, म्हणजे उजेड-अंधाराचा जास्त फरक दाखवणाऱ्या, चित्रातल्या उजळ भागापुरती आहेत. एरवी पूर्ण स्क्रीनवर १,०००. रकान्यात नेहमीच्या वापराचाच आकडा लिहा. काच आणि पॅनेल चिकटवलेले आहेत का, हेही पाहा. ए१६ चिपच्या साध्या आयपॅडमध्ये दोहोंत फट आहे. त्यामुळे चकाकी वाढते आणि पेन टेकवले की रेघ टोकाच्या किंचित खाली उमटल्यासारखी वाटते.

बॅटरी: सगळे वॉट-तासांत आणा

अ‍ॅपल बॅटरी वॉट-तासांत, म्हणजे साठलेल्या ऊर्जेत, सांगते, बाकीचे बहुतेक एमएएचमध्ये (मिलिअँपिअर-तास). एमएएचला हजाराने भागून व्होल्टेजने गुणा; एका सेलसाठी ३.८५ ते ३.९ व्होल्ट धरता येतात. शाओमी पॅड ७चे ८,८५० एमएएच म्हणजे साधारण ३४ वॉट-तास. दहाव्या पिढीच्या आयपॅडचे २८.६. बॅटरीवर किती तास चालेल हे त्यानंतर स्क्रीन आणि चिपवर अवलंबून.

फुटलेल्या बातम्यांत एक घोळ वरचेवर होतो. झपाट्याने चार्ज होणाऱ्या काही टॅबमध्ये दोन सेल मालिकेत, म्हणजे एकामागे एक, जोडलेले असतात; त्यामुळे व्होल्टेज दुप्पट होते, एमएएच नाही. अशा बॅटरीच्या लेबलवर ४,७५० एमएएच आणि ७.७ व्होल्ट असे लिहिलेले असू शकते. पहिला आकडा तेवढा उचलून 'बॅटरी छोटी केली' अशी बातमी फिरते. प्रत्यक्षात ती साडेनऊ हजारांच्या तोडीची असते. व्होल्टेज दिलेले नसेल तर तो आकडा तिसऱ्या रकान्यात टाका.

चिप आणि साठवण

इथे मात्र टॅब येण्याआधीच बरेच कळते, कारण टॅबची चिप सहसा फोनमध्ये आधी येऊन गेलेली असते. शाओमी पॅड ६ भारतात २०२३मध्ये आला तो २०२१च्या स्नॅपड्रॅगन ८७० चिपवर. त्या चिपचे फोन लोक दोन वर्षे वापरत होते, त्यामुळे ती किती तापते, खेळांत कुठे अडखळते, सगळे ठाऊक होते. तेव्हा चिपचे नाव पक्के झाले की त्याच चिपच्या फोनचे परीक्षण वाचा. मात्र नाव तेच आणि गाभे (कोअर) कमी, असेही होते: २०२५च्या आयपॅडमधल्या ए१६मध्ये सीपीयूचे ५ गाभे आहेत, आयफोन १४ प्रोमधल्या ए१६मध्ये ६.

स्वस्त टॅबमध्ये चिपपेक्षा साठवणीचा प्रकार जास्त त्रास देतो. ईएमएमसी ही जुनी, संथ साठवण असेल तर ॲप अपडेट होताना सगळा टॅब रेंगाळू शकतो. यूएफएस ही वेगवान साठवण असेल तर सहसा असे होत नाही. '८ अधिक ८ जीबी रॅम' असे लिहिले असेल तर दुसरे आठ म्हणजे साठवणीतून उसनी घेतलेली जागा. रकान्यात फक्त ८ लिहा.

पेन, सिम आणि एकूण खर्च

किमतीच्या रकान्यात नुसता टॅब नको. पेन, कीबोर्ड, कव्हर आणि चार्जर धरून बेरीज लिहा. सॅमसंगच्या एस मालिकेत पेन खोक्यातच येते, चार्जर मात्र वेगळा घ्यावा लागतो. अ‍ॅपल आणि शाओमीचे पेन वेगळे विकत घ्यावे लागते. चित्रे काढणाऱ्यांनी हे विसरू नये की अ‍ॅपलच्या यूएसबी-सी पेन्सिलला दाब कळत नाही.

सिमचा टॅब घेताना ५जीचे एन७८ आणि एन२८ हे बँड आणि ४जीचे ३, ५, ४० हे बँड यादीत आहेत का बघा. जिओचे ५जी स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवाय चालणाऱ्या, प्रकारचे आहे. टॅबमध्ये त्याची सोय नसेल तर जिओच्या सिमवर तो ४जीवरच चालेल. वाय-फायच्या आयपॅडमध्ये जीपीएस नसते, म्हणून गाडीत नकाशा लावायला तो उपयोगाचा नाही.

आधी चीनमध्ये आलेला टॅब लवकर हवा म्हणून मागवू नका. त्याची वॉरंटी इथे सहसा चालत नाही, आणि भारतीय आवृत्तीत चिप किंवा बॅटरी बदललेली असू शकते.

अपडेटची वर्षे कंपनी बहुधा टॅब बाजारात आल्यापासून मोजते, तुम्ही घेतल्यापासून नव्हे. सवलत मिळेल म्हणून वर्षभर थांबलात तर एक वर्ष त्यातून वजा करा.

युरोपात २० जून २०२५पासून टॅबवर ऊर्जा लेबल सक्तीचे झाले आहे. एका चार्जवर किती तास, बॅटरी चार्जिंगची किती चक्रे टिकते, पडल्यावर किती तगते, दुरुस्ती किती सोपी, हे सगळ्या कंपन्यांसाठी एकाच पद्धतीने मोजलेले असते. ते ईप्रेल या युरोपीय संघाच्या सार्वजनिक नोंदीत मॉडेल क्रमांकावरून सापडते. चिप आणि बॅटरी भारतीय मॉडेलसारखीच असतील तर जाहिरातीतल्या तासांऐवजी हेच आकडे पहिल्या रकान्यात घ्या.

शेवटी तक्त्यात आणखी एक ओळ घाला: आज दुकानात मिळणारा त्याच टॅबचा आधीचा अवतार, आजच्या किमतीसह. पहिल्या दोन रकान्यांत नवा टॅब तुमच्या कामाच्या एकाही बाबतीत पुढे दिसत नसेल, तर वाट पाहू नका. दिसत असेल, तर दुकानात प्रदर्शनाचा नग येईपर्यंत आगाऊ नोंदणी टाळा. तो आला की ए४ आकाराची मराठी पीडीएफ पेन ड्राइव्हवर घेऊन जा, टॅब उभा धरून पूर्ण पान उघडा आणि तळटीप वाचता येते का ते बघा.