प्रतिस्पर्ध्याचे हायब्रिड पेटंट कसे वाचावे

दुसऱ्या कंपनीच्या पेटंटाची प्रत हाती आली की अभियंत्याची नजर आधी आकृत्यांवर जाते, आणि आपला गिअरबॉक्स तसा दिसत नाही म्हणून तो निश्चिंत होतो. परंतु पेटंटाचा हक्क आकृतींवरून नव्हे, तर क्रमांक घालून दिलेल्या दाव्यांवरून, म्हणजे हक्काची हद्द सांगणाऱ्या वाक्यांवरून, ठरतो. अमेरिकी पेटंटात ते अगदी शेवटी असतात, म्हणून वाचन शेवटापासून सुरू करावे.

स्वतंत्र, म्हणजे दुसऱ्या दाव्याचा आधार न घेणारा, दावा घेऊन त्याचे घटक सुटे करावेत. डाव्या रकान्यात एकेक घटक शब्दशः लिहावा आणि उजव्या रकान्यात त्याच्या जोडीचा आपला भाग. एखाद्या घटकासमोर तसाच किंवा त्याच्याशी तुल्य असा भाग लिहिता आला नाही, तर त्या दाव्याचे उल्लंघन होत नाही.

खरी मेख या ‘तुल्य’ शब्दात आहे. पेस या छोट्या कंपनीने २००४ साली टोयोटावर टेक्सासमध्ये खटला भरला. पेसच्या पेटंटात इंजिन आणि मोटर या दोहोंचा टॉर्क (फिरवणारा जोर) स्वीकारणारा, नियंत्रित करता येणारा घटक होता. टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड गाडीत हे काम प्लॅनेटरी गिअर हा गिअरसंच करतो: मधल्या छोट्या गिअरांना धरणारा कॅरिअर इंजिनाला, केंद्रातला सन गिअर जनरेटरला, तर बाहेरचा रिंग गिअर मोटरला व चाकांना जोडलेला. २००५ साली ज्यूरीने शब्दशः उल्लंघन नाकारले, पण दोन दाव्यांपुरते तुल्यतेने उल्लंघन मानले. न्यायालयाने विक्रीवर बंदी घातली नाही, मात्र पुढील प्रत्येक गाडीमागे २५ डॉलर रॉयल्टी ठरवली. अपिलानंतर २००९ साली ती ९८ डॉलर झाली.

म्हणून तक्त्यात तिसरा रकाना आखून प्रत्येक भागाचे काम, पद्धत आणि परिणाम लिहावेत; तुल्यता सहसा याच तीन गोष्टींवरून तपासतात. पेटंट कार्यालयाशी झालेला अर्जदाराचा पत्रव्यवहारही मागवावा, कारण मंजुरीसाठी त्याने दाव्याची जी व्याप्ती सोडून दिली, ती तुल्यतेच्या वाटेने सहसा परत मिळवता येत नाही.

मुदत आणि देश मात्र खरे तर सर्वांत आधी पाहावेत. पेसच्या त्या पेटंटाचा अर्ज १९९२ सालचा, त्यामुळे २० वर्षांची मुदत २०१२ मध्येच संपली. अमेरिकी पेटंट भारतातल्या विक्रीला लागू होत नाही. पण चाकणमध्ये तयार केलेला भाग अमेरिकेत आयात झाला की त्याला तेथील कायदा लागतो.

आणि हा तक्ता ईमेलवर फिरवू नये. तो पेटंट वकिलाच्या देखरेखीखालीच करावा, कारण अमेरिकी खटल्यात अशी अंतर्गत टिपणे समोरचा पक्ष मागवू शकतो.