बोरिवलीच्या जंगलात चितळ-सांबर कसे न्याहाळावेत

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य गेटातून कान्हेरी लेण्यांकडे सकाळी चालत निघालात, तर रस्त्यालगत चितळ दिसणं फारसं अवघड नाही. दिसलेला कळप पाच मिनिटं जागेवर राहणं अवघड. बहुतेक जण पहिल्याच मिनिटाला तो उधळवतात आणि दोष नशिबाला देतात.

निघण्याआधी

सोमवारी उद्यान बंद असतं. इतर दिवशी लवकरात लवकर आत शिरा, कारण ऊन चढलं की चितळ सावलीत रवंथ करत बसतात. सांबर तर मुख्यतः रात्रीचं जनावर. ते पहाटे किंवा तिन्हीसांजेला दिसलं तर दिसलं.

कपडे खाकी किंवा मातकट असावेत. लाल-नारिंगी रंग हरणांना आपल्यासारखा उठून दिसत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. म्हणजे जीन्स घरी ठेवा, अत्तर आणि डिओही.

वारा बघा

चिमूटभर टाल्कम पावडर हवेत सोडा. ती जनावराकडे जात असेल तर तुमचा वास आधीच तिथे पोचलाय. थंडीत मुंबईची सकाळची झुळूक बहुधा जमिनीकडून समुद्राकडे वाहते, म्हणून कळपाच्या पश्चिमेला राहा. दुपारनंतर खारा वारा सुटतो आणि बाजू उलटी होते. (सकाळी सूर्य त्यामुळे समोर येतो, फोटोवाल्यांची पंचाईत.) टेकड्यांच्या घळींत वारा कसाही वळतो, तेव्हा प्रत्येक वळणावर पावडर पुन्हा सोडा.

ओळख

चितळाच्या अंगावर ठिपके जन्मभर राहतात. सांबर गडद तपकिरी आणि थोराड, मोठा नर २०० किलोंच्याही वर जातो. चिखलात खूर उमटला असेल तर शेजारी काडेपेटी ठेवून बघा. चितळाचा खूर साधारण तिच्या लांबीएवढा, मोठ्या सांबराचा तिच्याहून बराच मोठा. दोघंही सारंग कुळातली, त्यामुळे नरांची भरीव शिंगं गळून पुन्हा उगवतात. नवी शिंगं मखमली कातडीत असतात. पावसाळ्यात असा सांबर दिसला तर तो आजारी नसतो.

अंगाची भाषा

इथे घाई केली की सगळं हुकतं. पहिली खूण जबड्यात असते: चघळणं थांबतं. मग मान वर होते आणि दोन्ही कान तुमच्याकडे वळतात. या क्षणी जागीच थांबा, टक लावून बघू नका, अंग किंचित तिरकं करा. हरणाचे डोळे बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, पण स्थिर आकारापेक्षा हालचाल लगेच कळते. पुन्हा चघळायला लागलं की तुम्हाला मुभा मिळाली. पुढे जातानाही सरळ त्याच्या रोखाने नको, तिरकं चाला. ८×४२ची दुर्बीण असेल तर २५-३० मीटरच्या आत जायची गरजच पडत नाही.

पुढचा पाय जमिनीवर आपटला तर दोन-चार पावलं मागे या. शेपटी ताठ उभी राहून खालचा पांढरा भाग दिसला, तर पुढच्या क्षणी कळप पळणार. तोवर फार उशीर झालेला असतो.

धोक्याच्या हाकांचं गणित वेगळं. चितळ कुत्र्याला, माणसालाही ओरडतं. सांबराची थांबून थांबून येणारी 'ढांक' जास्त भरवशाची. तिला वानरांची खाकर जोडीला आली तर बिबट्या जवळपास आहे असं समजा, आवाजाच्या दिशेला न जाता एकत्र राहून रस्त्याकडे परता. नोव्हेंबर-डिसेंबरात माजावरच्या सांबर नराजवळ तर अजिबात जाऊ नका.

दोन गोष्टी मुळीच नकोत

बिस्किटं, पाव, वेफर्स. रवंथ करणाऱ्या पोटात पिठूळ अन्न भराभर आंबतं, आम्ल वाढतं आणि जनावर दगावू शकतं. खाऊचा वास लागलेली पिशवीही ते गिळतं.

आणि गवतात एकटं बसलेलं पाडस उचलू नका. आई त्याला तसंच लपवून चरायला गेलेली असते. ते जखमी दिसलं तरच वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवा, आणि कर्मचारी येईपर्यंत लांब उभे राहा, कारण तुम्ही जवळ असेपर्यंत आई परत फिरकणार नाही.