घरी सँपल दिलं, रिपोर्ट आला, आता लिव्हरचे आकडे वाचायचे कसे?

रिपोर्टची पीडीएफ व्हॉट्सॲपवर हमखास रात्री जेवणाच्या वेळीच येते. एसजीपीटी ६८, पुढे ठळक अक्षरात 'हाय', मग लगेच गूगल, आणि अकरा वाजेपर्यंत माणूस मनातल्या मनात मृत्युपत्र करून मोकळा. मी पुण्यात लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाहीये, त्यामुळे औषधबिषध काही सांगणार नाही, पण रिपोर्ट डॉक्टरांकडे नेण्याआधी तो कसा बघायचा एवढं नक्की सांगू शकतो. एक गोष्ट पक्की धरून चाला, ज्या ओळीपुढे 'हाय' लिहिलंय त्या एकाच ओळीकडे बघत बसू नका. कधीकधी खरी बातमी ज्या ओळीपुढे काहीच खूण नाही तिथेच असते.

आधी सँपलचं बघू, कारण निम्मा घोळ तिथेच होतो. नुसती एलएफटी, म्हणजे लिव्हरची टेस्ट, करायची असेल तर उपाशी राहायची तशी सक्ती नसते, पण पॅकेजमध्ये शुगर आणि लिपिड असतात म्हणून १० ते १२ तास उपाशी राहायला सांगतात. पाणी मात्र प्यायचं, कोरडा उपास करू नका, शीर सापडत नाही आणि मग फ्लेबो, म्हणजे रक्त घ्यायला आलेला माणूस, बिचारा दोनदा टोचतो. आदल्या दोन-तीन दिवसांत जिममध्ये लेग डे, सिंहगड पळत चढणं असले पराक्रम नकोत, आणि शनिवारी बसून रविवारी सकाळी सँपल हे तर अजिबात नको. फ्लेबो आला की ट्यूबवर तुमचं नाव नाहीतर बारकोड तुमच्यासमोर लागतोय ना ते बघा, एका घरात नवरा-बायको-सासूबाई तिघांचं सँपल असेल तर हे जास्तच महत्त्वाचं. लिव्हरसाठी लाल नाहीतर पिवळ्या झाकणाची ट्यूब असते, सीबीसीला, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीला, जांभळी, शुगरला करड्या रंगाची. बारीक सुईतून सिरिंज जोरात ओढली किंवा ट्यूब खळाखळा हलवली की लाल पेशी फुटतात, त्याला हीमोलाइज्ड सँपल म्हणतात, आणि एसजीओटी लाल पेशींमध्येही असल्यामुळे ते उगाच वाढून येतं. रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरात तसं लिहिलेलं असतं, ते कोणीच वाचत नाही. असं लिहिलेलं दिसलं तर बाकी विचार नंतर, आधी सँपल परत द्या.

आता आकडे. एलएफटीत दोन जातीच्या ओळी असतात. एसजीपीटी, एसजीओटी, अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी या चार एन्झाइमच्या ओळींवरून लिव्हरला किंवा पित्ताच्या नळ्यांना कुठे त्रास होतोय का ते कळतं, लिव्हर काम किती करतंय ते नाही. कामाचं कळतं अल्ब्युमिन (लिव्हर बनवतं ते प्रोटीन), बिलिरुबिन (काविळीत वाढतं ते पिवळं द्रव्य) आणि वेगळ्याने कराव्या लागणाऱ्या पीटी-आयएनआरवरून (रक्त गोठायला लागणारा वेळ). अल्ब्युमिन साधारण ३.५ ते ५ च्या मध्ये असतं. एसजीपीटी ७० आहे पण अल्ब्युमिन ४.४, बिलिरुबिन ०.७ आणि सीबीसीत प्लेटलेट अडीच लाख, तर घाबरून जाण्यासारखं काही नाही, कारण मात्र शोधायचं. उलट एसजीपीटी ३२, एकदम नॉर्मल, पण अल्ब्युमिन ३.१ आणि प्लेटलेट ९० हजार, असा रिपोर्ट घेऊन माणूस "सगळं छान आहे" म्हणत फिरत असतो, आणि त्यालाच खरं तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवायला पाहिजे. जुन्या सिरॉसिसमध्ये, म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक झालेलं असताना, एन्झाइम नॉर्मल येऊ शकतात. अर्थात अल्ब्युमिन किडनीतून जाऊनही कमी होतं, प्लेटलेट डेंगीतही पडतात, म्हणून निदान तुम्ही करू नका, फक्त ओळ दाखवा.

एसजीपीटी मुख्यतः लिव्हरचं. एसजीओटी मात्र स्नायूंमध्ये, हृदयात, लाल पेशींत सगळीकडे असतं. समजा जिमला जाणारा एखादा पंचविशीतला मुलगा आहे, एसजीओटी ११०, एसजीपीटी ५८, बिलिरुबिन, जीजीटी सगळं नॉर्मल, तर त्याच्या लिव्हरच्या आधी त्याच्या स्क्वॉट्सची चौकशी करा. डॉक्टर सीपीके, म्हणजे स्नायूंच्या एन्झाइमची टेस्ट, करायला सांगतील, ते भरपूर वाढलेलं निघालं की कोडं बहुतेक सुटलं, आठवडाभर आराम करून परत टेस्ट. दारू घेणाऱ्यांमध्ये एसजीओटी हे एसजीपीटीच्या दुप्पट किंवा जास्त दिसतं आणि सोबत जीजीटीही चढलेलं असतं, तर साध्या फॅटी लिव्हरमध्ये सुरुवातीला एसजीपीटीच वरचढ असतं. पुण्यात सध्या ज्याच्या त्याच्या सोनोग्राफीत 'ग्रेड वन फॅटी लिव्हर' लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे सडपातळ दिसणाऱ्या पण पोट सुटलेल्या माणसांनाही ते होतं, टेप घेऊन कंबर मोजा, पुरुषांना ९० आणि बायकांना ८० सेंटिमीटरच्या वर म्हणजे लक्ष द्यायला हवं.

अल्कलाइन फॉस्फटेज एकटंच वाढलेलं असेल तर ते हाडांमधूनही येतं. वाढत्या वयाच्या मुलांमध्ये आणि गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ते वाढणं नेहमीचंच आहे. व्हिटॅमिन डी फार कमी असेल तरी वाढतं. सोबत जीजीटीही वर असेल तर मग पित्तनलिकेकडे बघायचं.

बिलिरुबिनचं एक मजेशीर प्रकरण आहे. टोटल १.८, त्यातलं डायरेक्ट ०.४, बाकी सगळं इनडायरेक्ट, आणि इतर एकूण एक ओळ व हिमोग्लोबिन नॉर्मल, हे बऱ्याचदा गिल्बर्ट सिंड्रोम निघतं. जन्मजात असतं, त्रास काही देत नाही, फक्त उपास, ताप, जागरण झालं की आकडा वर जातो. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास करून दहाव्या दिवशी चेकअप केलं आणि बिलिरुबिन वाढलं म्हणून घर हादरलं, असं होऊ शकतं. पण त्याला हे नाव डॉक्टरांनी द्यायचं, आपण नाही.

नॉर्मल रेंजबद्दल थोडं. ती लॅबनुसार बदलते, मुळात निरोगी माणसांपैकी साधारण ९५ टक्के जिथे बसतात तो पट्टा असतो, म्हणजे साठ-सत्तर टेस्टच्या पॅकेजमध्ये एखाद-दोन खुणा धडधाकट माणसालाही येणारच. दुसऱ्या बाजूने, लॅब एसजीपीटीला ४५ किंवा ५० पर्यंत नॉर्मल म्हणते, पण अमेरिकेतल्या गॅस्ट्रोएंटरॉलॉजी तज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये निरोगी पुरुषांसाठी २९ ते ३३ आणि बायकांसाठी १९ ते २५ एवढीच वरची मर्यादा धरली. म्हणून दरवर्षी २२, ३१, ४३ असं चढत चाललेलं असेल तर खूण नसली तरी ती चाल बघा. त्यासाठी लॅब एकच ठेवा, एनएबीएलची (लॅबचा दर्जा तपासणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली, दरवेळी ज्याचं कूपन येईल त्याच्याकडे धावू नका.

लिव्हर कडक झालंय का याचा अंदाज देणारा एक हिशोब घरी मोबाइलवर करता येतो, फिब-४. वय गुणिले एसजीओटी, त्याला भागायचं प्लेटलेट गुणिले एसजीपीटीच्या वर्गमुळाने. प्लेटलेट हजारात घ्यायच्या, म्हणजे १.९ लाख असतील तर १९०. समजा काका ५२ वर्षांचे, एसजीओटी ४८, एसजीपीटी ६४, प्लेटलेट १.९ लाख. वर झाले २४९६. खाली ६४ चं वर्गमूळ ८, म्हणून १९० गुणिले ८, १५२०. उत्तर साधारण १.६४. १.३ च्या खाली असेल तर लिव्हर कडक झालेलं असायची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर नक्की पुढे तपासायचं, आणि काका मध्ये अडकलेत म्हणून डॉक्टर बहुधा फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक आहे ते मोजणारी तपासणी, सांगतील. पासष्टीच्या पुढे खालची रेषा १.३ ऐवजी २ धरतात, पस्तिशीच्या आत हा हिशोब भरवशाचा नाही, आणि डेंगी किंवा कावीळ चालू असताना तर करूच नका.

रिपोर्ट घेऊन जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत घालून न्या. सगळी म्हणजे टीबीची, कोलेस्टेरॉलची, संधिवाताची मेथोट्रेक्सेट, प्रोटीन पावडर, आणि हो, काढेसुद्धा. "आयुर्वेदिक आहे, त्याने काय होतंय" हे वाक्य मी काउंटरवर रोज ऐकतो. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही पेशंटना लिव्हरला इजा झाल्याचं लिहिलं होतं, आयुष मंत्रालयाने ते अमान्य केलं, तो वाद बाजूला ठेवा, पण तुम्ही काय घेता ते डॉक्टरांना माहीत तरी हवं. आणि 'लिव्हर डिटॉक्स'च्या बाटलीवर पैसे घालवू नका. फॅटी लिव्हरला खरा उपाय कंटाळवाणा आहे, वजन ७ ते १० टक्के उतरवणं आणि दारू बंद.

पावसाळ्यात मात्र वेगळं बघायचं. ताप, मळमळ, अन्नाचा वास नको वाटणं आणि एसजीपीटी थेट हजारात, म्हणजे बऱ्याचदा हेपटायटिस ए किंवा ई, दूषित पाण्यातून. दिल्लीत १९५५-५६ साली यमुनेत मैलापाणी मिसळून हजारो लोकांना कावीळ झाली होती, ती पुढे हेपटायटिस ई निघाली, आणि या विषाणूवर आपल्या पुण्यातल्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, बरंच काम झालेलं आहे. बहुतेकांना ती आपोआप बरी होते, म्हणूनच तर कावीळ उतरवणाऱ्यांचं फावतं, हाताला काहीतरी चोळून चुन्याच्या पाण्यात पिवळं पाणी काढून दाखवतात. त्यात जाणारे दिवस महागात पडू शकतात, विशेषतः गरोदर बाईला, तिला कावीळ दिसली तर त्याच दिवशी हॉस्पिटल. तसंच डोळे पिवळे आणि लघवी गडद, पोटात पाणी, काळी शी, रक्ताची उलटी, झोपेत बडबड किंवा गोंधळल्यासारखं वागणं, यातलं काही असेल तर रिपोर्टची वाटसुद्धा बघू नका.

बाकी एन्झाइम दुपटीपर्यंत वाढलेत आणि तब्येत ठीक आहे, तर आधी तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे जा, ते बहुधा काही आठवड्यांनी परत टेस्ट सांगतील. तेव्हा त्यांना एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्हीबद्दल विचारा. हेपटायटिस बी आणि सी वर्षानुवर्षं गुपचूप राहतात, मोठमोठ्या पॅकेजमध्येही या दोन टेस्ट बऱ्याचदा नसतात, आणि दोन्हींवर आज औषधं आहेत.