चिमणीची जाळी घरी धुवा, पंखा आणि पाइप जाणकाराकडे द्या

चिमणी चालू असूनही फोडणीचा ठसका हॉलपर्यंत येत असेल, तर आधी एक सोपी परीक्षा घ्या. गॅस बंद ठेवा, चिमणी सुरू करा आणि वर्तमानपत्राचा कागद जाळीला लावा. कागद चिकटून राहिला तर ओढ ठीक आहे. गळून पडला तर आत बहुधा तेलाचा राप बसलाय.

जाळी आपली आपण धुवायची. रोज फोडणी आणि आठवड्यात एकदा-दोनदा तळण होणाऱ्या घरात दर दोन-तीन आठवड्यांनी तरी धुवावी. चिमणीचं नुसतं बटण बंद करू नका, तिचा एमसीबी (विजेच्या पेटीतला खटका) खाली पाडा. चिमणी गार झाली की जाळी आणि तेलाची वाटी काढा. जाळी स्टीलची असेल तर कढत पाण्यात धुण्याचा सोडा आणि भांड्यांचा साबण घालून अर्धा तास बुडवून ठेवा, मग मऊ ब्रशनं घासा. अ‍ॅल्युमिनियमची असेल तर सोडा अजिबात नको, ती काळी पडते. तिला गरम पाणी आणि साबण पुरे. तारेची घासणी दोन्हींना वर्ज्य. पूर्ण वाळल्याशिवाय परत बसवू नका. पावसाळ्यात त्याला अख्खा दिवस लागू शकतो. कोळशाचा फिल्टर असेल तर तो धुवायचा नसतो, बदलतात.

खरी घाण मात्र जाळीच्या वर, पंख्यावर आणि पाइपात असते. ‘ऑटो क्लीन’चं बटण आतलं तेल वितळवून वाटीत आणतं, पाइपापर्यंत ते पोहोचत नाही. तेलानं माखलेला पाइप पेटूही शकतो. म्हणून वर्षातून एकदा, तळण जास्त असेल तर दोनदा, सर्व्हिसवाला बोलवाच. पुण्यात दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांनाच त्याची आठवण येते. गणपती गेले की लगेच वेळ ठरवा.

तो काम करत असताना तिथंच उभे राहा. शेगडी आणि ओटा आधी झाकून घ्या. पंखा बाहेर काढून धुतला का, वायरी आणि मोटर कोरडी ठेवली का, पाइप सोडवून आतून पुसला का, हे बघा. बाहेरून फवारा मारून निघणाऱ्याला मी पुन्हा बोलावत नाही. पाइपाला जितकी वळणं कमी तितकी ओढ चांगली, तेव्हा लोंबणारा जादा पाइप त्याच वेळी कापून घ्या. आणि बाहेरचं तोंड तपासायला सांगाच! कोथरूडच्या आमच्या घरी ओढ गेली होती ती तेलानं नव्हे, कबुतरांनी कोंबलेल्या काड्यांनी. तोंडाला झडपेचं झाकण बसवल्यावर तो त्रास थांबला.

पैसे द्यायच्या आधी कागदाची परीक्षा पुन्हा घ्या.

कढईतलं तेल कधी पेटलंच, तर गॅस आणि चिमणी दोन्ही बंद करा, कारण चालू चिमणी ज्वाळा वर ओढते. कढईवर ताट झाका. पाणी ओतू नका. आग वर चढली असेल तर सगळ्यांना घराबाहेर काढून १०१ फिरवा.