आयपी फोन डेटा व्हीलॅनमध्येच अडकतोय? एलएलडीपीच्या या चुका टाळा

उद्यमबागेतली फौंड्री असो नाहीतर बेळगावातली एखादी पतसंस्था, नवे आयपी फोन (नेटवर्कच्या केबलवर चालणारे) बसवले की तक्रार ठरलेली: फोन चालू होतो, आयपीही (नेटवर्कवरचा पत्ता) मिळतो, पण टेलिफोन एक्स्चेंजवर रजिस्टर होत नाही. फोनवाला नेटवर्कवाल्यावर ढकलतो, नेटवर्कवाला फोनवाल्यावर. अशा वेळी आधी स्विचचा (नेटवर्कच्या केबली जोडणारा डबा) पोर्ट तपासावा.

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचवर केलेले नेटवर्कचे वेगळे कप्पे; कॉम्प्युटर डेटा व्हीलॅनमध्ये, फोन व्हॉइस व्हीलॅनमध्ये. आपण कोणत्या व्हीलॅनमध्ये जायचं, हे नव्या फोनला ठाऊक नसतं. ते स्विच सांगतो: व्हॉइस व्हीलॅनचा नंबर, प्रायॉरिटी ५, डीएससीपी ४६ (आवाजाला आधी वाट देण्यासाठीचे आकडे). हे सांगण्याचं काम एलएलडीपी, म्हणजे २००५ चं आयईईई ८०२.१एबी, आणि त्याची फोनसाठीची पुरवणी एलएलडीपी-मेड करते. सिस्को कंपनीचं याच कामाचं स्वतःचं सीडीपी वेगळं.

पहिला घोळ इथंच होतो. बऱ्याच सिस्को कॅटॅलिस्ट स्विचवर सीडीपी मुळातच चालू असतं, एलएलडीपी बंद. त्यामुळं सिस्कोचा फोन सुरळीत चालतो आणि त्याच पोर्टवर सीडीपी न समजणारा फोन लावला की तो डेटा व्हीलॅनमध्ये जाऊन बसतो. ‘फोन खराब आहे’ म्हणून तो परत पाठवण्याआधी ग्लोबल मोडमध्ये ‘एलएलडीपी रन’ आहे का ते बघा. जुन्या एचपी प्रोकर्व्हवर गंमत वेगळी. पोर्ट टॅग केला (डेटावर व्हीलॅनचा नंबर लावला), एलएलडीपीही चालू आहे, पण त्या व्हीलॅनवर ‘व्हॉइस’ लिहिलेलं नाही, तर स्विच फोनला पॉलिसी (व्हीलॅन आणि प्रायॉरिटीची माहिती) देतच नाही.

‘शो एलएलडीपी नेबर्स’मध्ये फोन दिसला म्हणजे काम झालं, असं धरून चालू नका. त्यातून एवढंच कळतं की स्विचला फोनचं ऐकू येतंय. फोननं स्विचचं ऐकलं का, ते ‘डिटेल’ जोडल्यावर कळतं. नेटवर्क पॉलिसीच्या ओळीत ‘व्हीलॅन २०, टॅग्ड’ असं काही दिसायला हवं (२० हा तुमचा व्हॉइस व्हीलॅन धरून). मग मॅक टेबलमध्ये (कोणतं यंत्र कोणत्या पोर्टवर, याची स्विचकडची यादी) फोनचा मॅक (यंत्राचा स्वतःचा नंबर) व्हीलॅन २० मध्ये आहे का तेही बघा. बदल केल्या केल्या निकाल मागू नका. एलएलडीपीची फ्रेम (संदेश) साधारण ३० सेकंदांनी जाते आणि माहिती १२० सेकंद टिकते, म्हणून काढून ठेवलेला फोनही दोन मिनिटं यादीत दिसत राहू शकतो.

सगळ्यात जास्त वेळ खातो तो टेबलाखालचा आठ पोर्टचा स्वस्त स्विच. केबल कमी पडली म्हणून कुणीतरी कधीतरी लावलेला, आराखड्यात कुठंच नाही. एलएलडीपीची फ्रेम शेजाऱ्यापुरतीच असते आणि नियमानुसार वागणारा स्विच ती पुढं ढकलत नाही; त्यामुळं फोनला मुख्य स्विच दिसतच नाही. काही स्वस्त स्विच ती पुढं जाऊ देतात, मग एकाच पोर्टवर चार-चार शेजारी दिसतात. त्यात आपल्याकडं पावसाळ्यात लाईट जाते-येते. अडॅप्टरवरचा फोन आणि छोटा स्विच चटकन उठतात, मुख्य स्विच अजून बूट होत असतो. फोन वाट बघतो, कुणी बोलत नाही, मग काही मॉडेल डेटा व्हीलॅन धरून बसतात आणि रिस्टार्ट केल्याशिवाय हलत नाहीत. फोन सरळ पीओईवर (नेटवर्कच्या केबलमधूनच वीज) घ्या आणि मुख्य स्विचला यूपीएस द्या.

पोर्ट सिक्युरिटीत (एका पोर्टवर किती यंत्रं चालतील ते ठरवणारी सेटिंग) मॅकची मर्यादा १ ठेवलेली असेल, तर फोनमागं पीसी लावताच पोर्ट बंद पडू शकतो. काही फोन सुरुवातीला टॅगशिवाय बोलतात आणि नंतर टॅगसह, म्हणून त्यांचाच मॅक दोन्ही व्हीलॅनमध्ये मोजला जातो. मर्यादा ३ ठेवली की हा त्रास सहसा होत नाही. पोर्टफास्ट (पोर्ट लगेच चालू करणारी सेटिंग) नसेल तर स्पॅनिंग ट्री (केबलींचं वर्तुळ होऊ नये म्हणून स्विच करतो ती तपासणी) पोर्टला साधारण ३० सेकंद अडवते आणि तोवर काही फोन डीएचसीपीचा (आपोआप आयपी देणारी सोय) नाद सोडतात.

फोनला व्हीलॅन बरोबर मिळाला पण आयपी नाही, तर एलएलडीपीला दोष देऊ नका. अपलिंकच्या ट्रंकवर (पुढच्या स्विचकडं अनेक व्हीलॅन एकत्र नेणारी जोडणी) व्हीलॅन २० ला परवानगी आहे का, डीएचसीपीत त्याचा स्कोप (वाटायच्या आयपींचा गट) आहे का, ते बघा.

बेळगावच्या मुख्य ऑफिसातला फोन निपाणीच्या शाखेत नेला आणि तो उठेना, तर मेनूमध्ये कुणी व्हीलॅन हातानं टाकून ठेवलाय का ते बघा. काही फोनमध्ये हातानं टाकलेला नंबर स्विचनं दिलेल्या नंबरवर मात करतो. निपाणीत व्हॉइस व्हीलॅन ३० असेल तर असा फोन २० मध्येच ओरडत बसणार. फॅक्टरी रीसेट करा आणि मगच तिथल्या पोर्टला लावा.