सपाटीवरच्या माणसानं वासोटा कसा चढायचा

आपण सांगलीकर. आपल्याकडं चढ म्हणजे कृष्णेच्या घाटावरनं वर आयर्विन पुलापर्यंत यायचं तेवढाच, बाकी सगळा ऊस. त्यामुळं वासोट्याचं (कोयनेच्या जंगलातला किल्ला, पायथ्याला बोटीनं जायचं) ठरलं की ग्रुपमध्ये कुणीतरी हमखास म्हणतोय, मी रोज पाच किमी चालतो मला काय होतंय, आणि कुणीतरी विचारतोय वर ऑक्सिजन कमी पडतो का. नाही पडत. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर आणि वासोट्याचा माथा ११७० च्या आसपास, एवढ्यानं हवा जाणवण्याइतकी विरळ होत नाही. धाप लागते ती आपल्या स्पीडमुळं.

हे मी पहिल्या खेपेला स्वतः भोगून शिकलोय. बोटीतनं उतरल्यावर सुरुवातीची वाट जवळजवळ सपाट आहे, जंगलातनं मस्त सावलीत जाते, ओढ्याजवळ गणपती-मारुतीच्या मूर्ती आहेत, तिथंपर्यंत आम्ही रंकाळ्याला फिरायला आल्यासारखं सुसाट गेलो आणि खरी चढण लागली तसं वीस मिनिटांत माझ्या दोन्ही पोटऱ्यांत गोळे. मग एक शाळेतली पोरगी चिक्की खात खात आमच्या पुढं निघून गेली.

तर पहिली गोष्ट, चढ लागायच्या आधीच हळू व्हायचं, लागल्यावर नाही. पाऊल छोटं टाका, टाच हवेत ठेवून चवड्यावर चढू नका, सगळा तळवा टेकवा, चवड्यावर चढलं की सगळा भार पोटरीवर येतो आणि सपाटीवर चालून चालून आपल्या पोटरीला ती सवयच नसते. उंच दगड आला तर त्यावर उडी मारण्यापेक्षा बाजूनं दोन छोट्या पावलांत जा. स्पीड बरोबर आहे का बघायला घड्याळ नको, शेजारच्याशी बोलत चढा, दोन वाक्यं सलग बोलता येत नसतील तर तुम्ही जोरात चाललाय. दम खायला उभ्या उभ्या मिनिटभर थांबायचं, काठीवर रेलायचं आणि निघायचं. बूड टेकून पंधरा मिनिटं बसलं की पाय गार पडतात आणि परत उठताना पहिल्यापासनं सुरुवात.

तयारी मात्र पंधरा-वीस दिवस आधीपासनं पाहिजे. रोजच्या वॉकनं काही होत नाही, जिने चढा. अपार्टमेंटची लिफ्ट सोडा, पाठीला पाण्याच्या दोन बाटल्या लावून चार मजले खालीवर करा, आणि दोन रविवार दंडोबाच्या डोंगरावर जा, मिरजेपासनं जवळच आहे. साताऱ्यात पाहुणे असतील तर आदल्या दिवशी मुक्कामाला जाऊन अजिंक्यतारा किल्ला करून बघा, पण तो आदल्या दिवशी सकाळी, वासोट्याच्या सकाळी नव्हे (असा एक शहाणा आमच्यात होता).

वाट अशी की साताऱ्यातनं कास पठारावरनं बामणोली, तिथनं कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयातनं बोटीनं दीडेक तास, मग पलीकडं पायथ्याचं मेट इंदवली. सगळा भाग कोयना अभयारण्याचा, त्यामुळं वनखात्याची परवानगी, नोंद, बॅगेतल्या प्लास्टिकची तपासणी हे असतंय, आणि गडावर मुक्काम करता येत नाही. पावसाळ्यात जळवा असतात, तेव्हा नादाला लागू नका, डिसेंबर-जानेवारी बेस्ट. उन्हाळ्यात पाणी मागं हटतं त्यामुळं बोटीतनं उतरून चालणंपण वाढतं. बाय द वे, हेच कोयनेचं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळून आपल्याकडं येतंय, २०१९ ला महापुरात आलं तसं, त्यामुळं सांगलीच्या माणसाला त्या बोटीत बसल्यावर जरा वेगळंच वाटतं.

बोट संध्याकाळच्या आत परत फिरते, म्हणून उतरायची वेळ आधीच ठरवा आणि त्या वेळेला जिथं असाल तिथनं फिरा, माथा राहिला तरी. वर जायला दोन-अडीच तास धरा. मध्ये नागेश्वरच्या गुहेकडं वाट फुटते, पहिल्या खेपेला दोन्ही करायच्या भानगडीत पडू नका. पुढं गेलेल्यांच्या मागं एकट्यानं शॉर्टकट मारू नका, गवे आणि अस्वलं आहेत तिथं आणि मोबाईलला रेंज नाही.

पाणी माणशी तीन लिटर. घटाघटा प्यायचं नाही, दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट, एका बाटलीत लिंबू-मीठ-साखर. खायला तासगावचे बेदाणे, गूळ-शेंगदाणे, चालता चालता मूठमूठ. सकाळी मिसळ नको, पोहे-उपीट हलकं काहीतरी. आणि भडंग वर नेऊ नका, तोंड कोरडं पडतं, तिखट लागलं की अर्धा लिटर पाणी तिथंच संपतं. डब्यात भरून बोटीत ठेवा, खाली आल्यावर त्याची चव काय सांगू.

वर बाबूकड्याच्या कडेला ग्रुप फोटोसाठी मागं मागं सरकायचं नाही. समोर दिसतो तो जुना वासोटा, १८१८ ला इंग्रजांनी तिथं तोफा चढवून या गडावर मारा केला होता. तोफा! आपल्याला सॅक होत नाही.

खरी वाट लागते उतरताना. छातीला आराम असतो म्हणून लोक पळत सुटतात आणि वाळल्या पाचोळ्याखालच्या मुरमावरनं सटकतात. गुडघे किंचित वाकवून, जास्त तीव्र उतार असेल तिथं अंग आडवं वळवून, काठी आधी मग पाय. बुटाची लेस उतरायच्या आधी परत आवळा, नाहीतर बोटं पुढं आदळून नखं काळी पडतात, नखं तर दोन दिवस आधीच कापलेली पाहिजेत. बूट नवीन घालून येऊ नका हे सांगायला नको, तरी दरवेळी एकजण येतोच.

दुसऱ्या दिवशी मांड्या धरणार. झोपून राहू नका, आमराईत हळूहळू दोन चकरा मारा, आणि जिना तेवढा उलटं तोंड करून कठडा धरून उतरा, घरचे हसले तर हसू देत.